शाळेतली बंद संगणक खोली पुन्हा सुरू करायची तर

नागपूर शहरात असो की काटोल, सावनेर, उमरेडकडे, बऱ्याच शाळांत एक खोली अशी असते जिच्या दारावर 'संगणक कक्ष' लिहिलेलं असतं आणि कडीला कुलूप असतं. योजनेतून किंवा देणगीतून दहा संगणक आले, कंत्राट संपलं, संगणक निदेशक गेले, आधी दोन संगणक बिघडले, मग चार, आणि हळूहळू खोलीत तुटके बाक नि गॅदरिंगचं सामान येऊन बसलं. नवीन संगणक येतील तेव्हा बघू, असं म्हणत वर्षं जातात. अशा खोलीतले दहाही संगणक एकदम उघडून बसलं, तर एकमेकांच्या सुट्या भागांवर साधारण निम्मे उभे राहतात आणि एवढ्यावर तास घेता येतात.

क्रम मात्र पाळायला हवा. आधी वीज, मग यंत्रं, मग सॉफ्टवेअर, मग मराठी टायपिंग नि फायली सांभाळण्याची सवय, आणि सगळ्यात शेवटी इंटरनेट. बहुतेक ठिकाणी गाडी उलट्या टोकाकडून सुरू होते. पहिल्याच महिन्यात वायफाय येतं, मुलं व्हिडिओ बघतात, डेटा संपतो आणि खोलीला पुन्हा कुलूप लागतं. या लेखात इंटरनेटचा भाग सर्वात छोटा आहे, तो मुद्दामच.

काम दिवाळीच्या सुटीत काढलेलं बरं. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या अखेरीस उघडतात, त्या धांदलीत हे होत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली बसून कोणी स्क्रू फिरवायला तयार होणार नाही, आणि होऊही नये.

आधी रजिस्टर

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, काढा. प्रत्येक कॅबिनेटवर मार्करने मोठा क्रमांक टाका: १, २, ३. एका संगणकाची रॅम (तात्पुरत्या स्मृतीची पट्टी) दुसऱ्यात गेली की वहीत लिहा: 'क्र. ४ची २ जीबी रॅम क्र. ७मध्ये'. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक साधा ठराव घ्या की नादुरुस्त संगणकांचे भाग वापरून उरलेले दुरुस्त केले जातील. हे कंटाळवाणं आहे, पण ठराव नसला तर तपासणीच्या वेळी 'हार्ड डिस्क कुठं गेली?' या प्रश्नाला मुख्याध्यापकांकडे उत्तर नसतं. आणि हीच भीती खोली बंद राहण्याचं मोठं कारण आहे.

वीज आणि अर्थिंग

एक जुना डेस्कटॉप नि त्याचा मॉनिटर मिळून साधारण १०० वॅट घेतात. दहा संगणक म्हणजे एक किलोवॅट, २३० व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास. भार फार नाही. गडबड होते ती एका सॉकेटवर एक्स्टेन्शन, त्यावर दुसरं एक्स्टेन्शन अशी माळ लावल्यामुळे. एका चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर तीनपेक्षा जास्त संगणक नकोत, आणि प्रत्येक बोर्ड भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर हवा.

वायरमनला बोलावून थ्री-पिन सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास यायला हवं, फेज ते अर्थही जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थचं माप शून्य किंवा अर्धवट आलं, तर अर्थिंग तुटलेलं आहे. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात, त्या याचमुळे. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. त्याच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो आणि अर्थ नसल्याने त्याला जायला वाट मिळत नाही. 'थोडासा करंट लागतो, चालतं' हे मुलांच्या खोलीत चालत नाही. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत पुढचं काम थांबवा. थ्री-पिनची जाड पिन तोडून प्लग टू-पिनमध्ये घुसवलेला दिसला तर तो आधी बदला.

कूलरचं वेगळं सांगायला हवं, कारण नागपुरात कूलरशिवाय मार्च-एप्रिलचा तास होतच नाही. कूलर संगणकांच्या लाइनवर लावू नका, मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली बसतं नि दोन-चार संगणक रीस्टार्ट होतात. त्याचं तोंडही टेबलांकडे नको. कूलरच्या हवेतले पाण्याचे बारीक थेंब आणि खोलीतली धूळ मिळून बोर्डावर ओलसर थर बसतो, आणि पाणी बोअरचं असलं तर त्यातले क्षारही. तीन-चार महिन्यांत रॅमच्या खाचा काळ्या पडायला लागतात. कूलर खिडकीत, समोरची खिडकी उघडी, आणि संगणक बाजूच्या भिंतीला, ही मांडणी चांगली. उन्हाळ्यात सकाळची शाळा असते तेव्हा संगणकाचे तास पहिल्या दोन घंट्यांत घ्या.

शाळेत इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडवर वीज जाताना बॅटरीवर यायला किंचित वेळ लागतो. पंख्याला तो कळत नाही, पण संगणक तेवढ्यात बंद पडतो.

कॅबिनेट उघडल्यावर

प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, मग बाजूचा पत्रा उघडा. लागणारं सामान: एक स्टार स्क्रूड्रायव्हर, एक इंच रुंदीचा कोरडा रंगाचा ब्रश, पांढरं खोडरबर, थर्मल पेस्टची एक ट्यूब, सीआर२०३२चे दहा सेल आणि साधा मल्टिमीटर. हे सगळं बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, एका फेरीत मिळतं. एसएमपीएसचा डबा कधीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही त्यात धक्का बसण्याइतका भार उरतो. संशय असला तर चालू संगणकातला एसएमपीएस लावून बघा.

सर्वात आधी मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मोठा बोर्ड, नजरेखालून घाला. छोट्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. ते फुगलेलं किंवा त्यातून तपकिरी चिकट सांडलेलं दिसलं तर तो बोर्ड सुटे भाग काढायलाच ठेवा, त्यावर वेळ घालवू नका. मग ब्रशने धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, फुंकरीने तो गरगर फिरू देऊ नका.

'सुरू होतो पण स्क्रीन काळी' या तक्रारीत पहिला संशय रॅमवर घ्यावा. पट्टी काढा, सोनेरी कडा खोडरबरने दोन्ही बाजूंनी घासा, भुरा झटका आणि खाचेत दोन्ही टोकांची क्लिपं 'टक्' वाजेपर्यंत दाबा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, ती त्या बोर्डाची नाहीच.

पंधरा मिनिटं चालून आपोआप बंद होणारा संगणक बहुधा तापलेला असतो. प्रोसेसरवरचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) काढा. खाली वाळलेली पांढरी पेस्ट दिसेल. ती कापडाने पुसा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवीन पेस्ट ठेवून हीटसिंक परत बसवा. जास्त पेस्ट लावली तर जास्त थंड राहतं हा गैरसमज आहे.

आता तो नाण्याएवढा सेल. नवीन असताना तो तीन व्होल्ट किंवा थोडा जास्त दाखवतो. मीटरवर २.७च्या खाली दिसला तर बदला. हा सेल संपला की वीज गेल्यावर संगणकाचं घड्याळ मागे जातं, कधी २००९, कधी २०१२. गंमत अशी की याची तक्रार वेगळीच येते: 'नेट आहे, पण दीक्षा उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतं.' दीक्षा म्हणजे शालेय साहित्याचं सरकारी संकेतस्थळ, आणि अशा सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्राला तारखेची मुदत असते. संगणकाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर दार बंद करतो. चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलसाठी शाळा कधी कधी इंटरनेट कंपनीशी महिनाभर भांडत असते.

एसएसडी आणि लिनक्स

जुन्या संगणकावर पैसे खर्च करायचे असतील तर एकाच गोष्टीवर करा, २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. चार मिनिटांत सुरू होणारा संगणक अर्ध्या-पाऊण मिनिटात सुरू होतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत याचं मोल मोठं आहे. रॅम ४ जीबी तरी असावी, दोन संगणकांच्या पट्ट्या एकात घालून ती जमते. जुन्या एसएमपीएसला साटाची पॉवर केबल नसेल तर छोटा अडॅप्टर लागतो, तो त्याच फेरीत घ्या.

विंडोज १०ला मिळणारे सुरक्षा अपडेट सर्वसाधारणपणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो, शाळेतल्या जुन्या संगणकांत तो नसतो. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट या प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. ती फुकट आहे, दिसायला विंडोजसारखी आहे, मराठीत चालते आणि तिच्यासोबत लेखन नि तक्त्यांसाठीचं लिब्रेऑफिस येतं. आणखी एक फायदा आहे. झेरॉक्सच्या दुकानात प्रश्नपत्रिका छापून आणलेल्या पेनड्राइव्हमधून जो शॉर्टकट व्हायरस येतो, तो विंडोजसाठी लिहिलेला असतो आणि लिनक्सवर चालत नाही.

पद्धत अशी. एका चांगल्या कनेक्शनवरून मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल उतरवा, ती तीन जीबीच्या आसपास असते. रूफस किंवा व्हेंटॉय हे मोफत प्रोग्राम वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, म्हणून त्यातलं आधी काढून ठेवा. संगणक सुरू करतानाच बूट मेन्यूची कळ दाबत राहा: डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९.

दहा वेळा इन्स्टॉल करू नका. एका संगणकावर सगळं नीट बसवा: मराठी कळफलक, लिब्रेऑफिस, दोन खाती. 'शिक्षक' खातं पासवर्डसह, सगळे अधिकार असलेलं. 'विद्यार्थी' साधं, काही इन्स्टॉल करता न येणारं. मग क्लोनझिला हे नक्कल करणारं मोफत सॉफ्टवेअर वापरून त्या डिस्कची नक्कल बाकीच्या एसएसडींवर उतरवा. इथं दोन चुका हमखास होतात. मूळ डिस्क २५६ जीबीची आणि नक्कल २४०ची असली तर क्लोनझिला नकार देतो, म्हणून मूळ संगणक लहान डिस्कवर तयार करा. दुसरी चूक महागडी आहे: कुठून नि कुठे यांची अदलाबदल. रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर नक्कल झाली की दिवसभराचं काम गेलं. डिस्कचं नाव आणि आकार कागदावर लिहून घ्या आणि दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा, मगच 'वाय' दाबा. नक्कल झाल्यावर प्रत्येक संगणकाचं नेटवर्कवरचं नाव वेगळं करायला विसरू नका.

मराठी टायपिंग

खरं शिक्षण इथून सुरू होतं, आणि इथंच सर्वात जास्त घाई होते. मोबाइलवर मुलं रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि फोन ते देवनागरी करून देतो. ते वाईट नाही, पण त्यात ऱ्हस्व-दीर्घ फोन ठरवतो. शाळेत इनस्क्रिप्ट शिकवा. ते प्रमाण कळफलक आहे, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे एकसारखं मिळतं आणि रचना शिकायला सोपी आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांश उजव्या हाताला, आणि क-ख, त-थ अशा जोड्या एकाच कळीवर, महाप्राण शिफ्टसह.

मिंटमध्ये कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट विभागात जाऊन मराठी इनस्क्रिप्ट जोडा. यादीत ते सापडलं नाही तर 'इंडियन' नावाचं साधं लेआउट तेच काम करतं. भाषा बदलण्याची कळ सगळ्या संगणकांवर एकच ठेवा.

पहिला शब्द 'नागपूर' घ्या. व्ही, ई, आय, एच, टी, जे या सहा कळा एकही शिफ्ट न दाबता न, ा, ग, प, ू, र देतात. मुलं पाच मिनिटांत हे करतात आणि त्यांना कळतं की काना ही वेगळी कळ आहे.

नंतर 'विदर्भ'. इथं पहिली अडचण येते. वहीत आपण वेलांटी आधी काढतो, मग व. संगणकावर उलट आहे: आधी व, मग वेलांटी. वेलांटी आधी दाबली तर ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं आणि मूल म्हणतं, 'मॅडम, बिघडलं.' बिघडलेलं काहीच नसतं. युनिकोड या अक्षरं साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. 'व' आधी उच्चारतो, मग 'इ', म्हणून कळाही तशाच. रफाराचंही तेच: र, मग पाय मोडण्यासाठी डी, मग भ. 'भ' म्हणजे शिफ्टसह वाय.

तिसरा शब्द 'दुसऱ्या'. हा शब्द गावोगावच्या फलकांवर आणि सूचनांत 'दुसर्या' असा चुकलेला दिसतो. कारण साधा र घेऊन पाय मोडला की रफार होतो. मराठीतला तो आडवा 'र' हवा असेल तर शिफ्टसह जे दाबून नुक्त्याचा ऱ घ्यायचा, मग डी, मग य (तिरप्या रेषेची कळ), मग काना. सुऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड हे शब्द सरावाला द्या. ळसाठी शिफ्टसह एन, णसाठी शिफ्टसह सी. रोज पंधरा मिनिटं दिली तर सातवी-आठवीची मुलं महिन्याभरात कळफलकाकडे न बघता साधी वाक्यं लिहायला लागतात.

शिक्षकांची अडचण वेगळी. त्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटमध्ये असतात. कृतिदेवातली फाइल नव्या संगणकावर उघडली की 'नागपूर'च्या जागी यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे अशी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते. त्या फाँटमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरी असतो. फाँट बसवून छापता येईल, पण शोधता येणार नाही, मोबाइलवर वाचता येणार नाही. कन्व्हर्टरने एकदाच युनिकोडमध्ये बदला आणि नंतर डोळ्यांनी तपासा. जोडाक्षरं आणि रफार यांत कन्व्हर्टर हमखास चुकतो.

तास कसा घ्यायचा

छत्तीस मुलं आणि सहा संगणक असतील तर अर्धा वर्ग खोलीत आणि अर्धा बाहेर कागदावर काम करत ठेवा. एका संगणकावर तीन मुलं: एक कळफलकावर, एक माउसवर, एक वाचून सांगणारा. दर दहा मिनिटांनी जागा बदला आणि ती घंटी वाजवून बदला. नाही तर माउस एकाच हातात राहतो, आणि तो हात बहुधा ज्याच्या घरी संगणक आहे त्याचाच असतो.

मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फाइल आणि फोल्डर ही कल्पनाच नवी असते. फोनमध्ये फोटो 'गॅलरीत' असतो, तो कुठे साठवलाय हे कोणी विचारत नाही. म्हणून पहिल्या तासाला काहीही सुंदर बनवू नका. एक ओळ लिहा, ती '७अ' फोल्डरमध्ये स्वतःच्या नावाने सेव्ह करा, प्रोग्राम बंद करा, आणि पुन्हा शोधून उघडा. ज्याला हे जमतं त्याला निम्मं आलं. कंट्रोल-झेड दुसऱ्याच तासाला शिकवा. चूक मागे घेता येते हे कळलं की मुलं धीट होतात.

तक्त्यासाठी आकडे पुस्तकातले घेऊ नका. मार्चपासून रोजचं नागपूरचं कमाल तापमान वर्तमानपत्रातून लिहा आणि एप्रिलअखेर त्याचा रेषालेख काढा. गावाकडच्या शाळेत नागपूरच्या कळमना बाजारातले संत्र्याचे भाव घ्या, आंबिया नि मृग दोन्ही बहरांचे. घरात बाग असलेलं मूल त्या तासाला शिक्षकांच्या पुढे असतं. एक खोच मात्र आहे: मराठी कळफलकावर लिहिलेले ४५, ४६ असे देवनागरी आकडे कॅल्क, म्हणजे लिब्रेऑफिसचा तक्त्यांचा प्रोग्राम, बहुतेक वेळा मजकूर समजतो आणि बेरीज शून्य दाखवतो. ओळखायची खूण अशी की संख्या चौकटीत उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. आकडे भरताना कळफलक इंग्रजी करा.

इंटरनेटशिवाय काय काय दाखवता येतं

किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर मराठी विकिपीडिया एका फाइलीत साठवून इंटरनेटशिवाय उघडतं. शिक्षकांच्या संगणकावर ते ठेवून त्यातला लोकल सर्व्हर सुरू करा, एका साध्या नेटवर्क स्विचने बाकीचे संगणक जोडा, आणि मुलं ब्राउझरमध्ये शिक्षकांच्या संगणकाचा पत्ता टाकून वाचू शकतात. पत्ता रोज बदलू नये म्हणून तो स्थिर करून भिंतीवर लिहून ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफही एकदा उतरवून त्याच संगणकावर ठेवा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली विज्ञानाची सिम्युलेशन बरीचशी मराठीतही आहेत, आणि ती एकेका फाइलीच्या रूपात उतरवता येतात. मोठी फाइल पेनड्राइव्हवर जात नसेल तर तो फॅट३२मध्ये असतो. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट करा.

पुस्तकातल्या क्यूआर कोडमधून उघडणारं दीक्षावरचं साहित्य दाखवायचं असेल तेव्हा हॉटस्पॉट एकाच संगणकाला द्या आणि प्रोजेक्टर किंवा टीव्हीवर सगळ्यांना दाखवा. सगळ्या संगणकांना इंटरनेट द्यायची वेळ आली की त्याआधी आपोआप अपडेट बंद करा आणि पासवर्ड फळ्यावर लिहिण्याची सवय मोडा. मुलांची नावं, जन्मतारखा नि आधार क्रमांक असलेल्या यूडायस प्लसच्या (शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीच्या) फायली या खोलीत आणूच नका, कार्यालयातल्या संगणकावरच राहू द्या. आर्थिक फसवणूक झाली तर १९३० हा हेल्पलाइन क्रमांक मुलांनाही पाठ असावा, कारण घरातला फोन पुष्कळदा तीच हाताळतात.

एप्रिलअखेर खोली बंद करताना

सगळे प्लग सॉकेटमधून बाहेर काढा, नुसती बटणं बंद करून भागत नाही. मान्सूनपूर्व वादळात वीज कडाडते तेव्हा लाइनवरून येणारा धक्का बंद बटणातूनही उडी मारतो. नेटवर्कची वायरही काढा. कॅबिनेट जमिनीवरून टेबलावर घ्या, जुन्या लाकडी टेबलांचे पाय वाळवीसाठी तपासा, आणि कॅबिनेटच्या मागची रिकामी खाच पत्र्याने किंवा पुठ्ठ्याने झाका, पाली नि उंदीर तिथूनच आत जातात. जुन्या चादरी चालतील, प्लास्टिक नको, पावसाळा सुरू झाला की आत ओल धरते.

यूपीएसच्या बॅटऱ्यांना उन्हाळा सर्वात जास्त नडतो. लेड-अॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरून मोजलेलं असतं आणि साधारण दर दहा अंशांना ते निम्मं होतं. वर ती पडून राहिली तर आपोआप उतरत जाते आणि पूर्ण उतरलेली बॅटरी पुन्हा चार्ज घेत नाही. म्हणून यूपीएस पूर्ण चार्ज करून तळमजल्यावरच्या थंड खोलीत हलवा, आणि सुटीत शाळेत येणाऱ्या शिपाईमामांना महिन्यातून एकदा रात्रभर ते लावून ठेवायला सांगा. तारखा कागदावर लिहून त्या खोलीच्या दाराला चिकटवा. जे बोर्ड अगदीच गेले ते भंगारवाल्याला विकू नका. निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून वस्तू कमी करण्याची, प्रक्रिया पूर्ण करून ते नोंदणीकृत ई-कचरा पुनर्वापर करणाऱ्याकडेच द्या आणि त्याची पावती डेडस्टॉक रजिस्टरला टाचून ठेवा.